पालीच्या पोटातला इतिहास

शीर्षक वाचून काहींनी नाक मुरडले असेल. मुरडा, हरकत नाही. पाल दिसली की केरसुणी शोधायची, ती अंगावर पडली की अंघोळ करायची आणि पंचांग उघडून 'पल्लीपतना'चे फळ बघायचे, एवढाच आपला आणि तिचा संबंध. उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय, याचा आपल्या पूर्वजांनी बारकाईने विचार करून ठेवला आहे. पण पडणाऱ्या पालीच्या पोटात काही दुखत असेल का, हा विचार कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. शालिहोत्राचे नाव घोड्यांच्या वैद्यकाशी जोडलेले आहे, पालकाप्याचे हत्तींच्या. हत्ती-घोडे राजाच्या कामाचे होते. पाल कोणाच्याच कामाची नव्हती.

हा विषय माझ्याकडे आला तो नातीमुळे. लेक-जावई हॉलंडमध्ये, डेल्फ्टपासून जवळच राहतात. नात पंधरा वर्षांची. तिने 'लेपर्ड गेको' पाळली आहे, म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली पाल. पिवळ्या अंगावरच्या त्या ठिपक्यांमुळे आम्ही तिचे नाव 'बुंदी' ठेवले होते. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही चिकट बोटांची नसते, काचेवर चढत नाही. हिला हलणाऱ्या पापण्या असतात, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते, आणि झोपलेली पाल इतकी निरागस दिसते की माझीसुद्धा किळस हळूहळू गेली. गंमत म्हणजे ही परदेशी पाहुणी मुळात आपल्याच बाजूची. पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते. तो भाग आज पाकिस्तानात आहे. तिची एक सख्खी बहीण गुजरात-महाराष्ट्रात रानात राहते. २०१४ साली सातपुड्यातून आणखी एका बहिणीची नोंद झाली. ती करणाऱ्यांत झीशान मिर्झा आणि राजेश सानप ही आपल्या मुंबईची तरुण मंडळी होती.

तर ही बुंदी वाळायला लागली. या पाली चरबी शेपटीत साठवतात. निरोगी पालीची शेपूट भरलेल्या वालाच्या शेंगेसारखी गुबगुबीत असते. बुंदीची शेपूट काडीसारखी झाली. खाल्लेले किडे ती ओकून टाकू लागली. नातीने स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर दर रविवारी तिचे वजन करून वहीत लिहायला सुरुवात केली. एका रविवारी व्हिडिओवर ती वही मला दाखवत म्हणाली, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग सांग, आधी लोक अशा वेळी काय करायचे?"

मी बी.ए. झालेली इतिहासाची शिक्षिका. शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल विचारले असते तर झोपेतही सांगितले असते. पण प्रश्न रास्त होता आणि विचारणारी नात होती. गेले काही महिने मी जंतांचा इतिहास वाचते आहे. त्यातले जे हाती लागले ते इथे मांडते.

सुरुवात घरातूनच करू. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर मोठे विवेचन आहे. त्यात वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत, त्यांतले पाच पुरीषज, म्हणजे मळात होणारे. वर्गीकरणापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती उपचाराची पद्धत. चरकाने तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून किंवा रेचक वगैरे देऊन बाहेर काढणे. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे औषधाने पोटातली परिस्थिती अशी करणे की कृमींना तिथे राहवणार नाही. आणि तिसरी निदानवर्जन. निदान म्हणजे इथे कारण. ज्यामुळे कृमी होतात ते टाळणे. आमच्या लहानपणी घरोघरी पहिल्या दोन पायऱ्यांचा अंमल जोरात होता. शनिवारी रात्री वावडिंग, रविवारी सकाळी एरंडेल. त्या एरंडेलाची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिसऱ्या पायरीचे भाषांतर आईने 'गोड कमी खा' असे केले होते. गूळ खाल्ला की जंत होतात, अशी सगळ्यांची खात्री होती.

ही समजूत आपलीच नव्हती. युरोपातही शतकानुशतके विद्वान मानत होते की पोटातले जंत पोटातच आपोआप तयार होतात. फ्लॉरेन्सचे राजवैद्य फ्रान्सिस्को रेदी यांनी १६६८ साली दाखवून दिले की मांसात पडणाऱ्या अळ्या आपोआप होत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून होतात. बरणी झाकली की अळ्या नाहीत, इतका साधा प्रयोग. पुढे १६८४ साली त्यांनी जिवंत प्राण्यांच्या आत सापडणाऱ्या जिवंत प्राण्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. असंख्य प्राणी चिरून त्यांच्या आतल्या पाहुण्यांची नोंद केली. माणसाखेरीज इतर प्राण्यांच्या पोटातही डोकावण्यासारखे काही आहे, हे त्या पुस्तकाने युरोपाला दाखवले.

त्याच सुमारास नातीच्या शेजारगावी, डेल्फ्टमध्ये, अंतोनी फान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी घरी भिंगे घासत बसला होता. कापडाचा धागा तपासायला भिंग लागते, त्या भिंगाचे त्याला वेड लागले. १६७४ साली त्याने सशाच्या पित्तात अंडाकार कण पाहिले. आज आपण त्यांना कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींची बीजे म्हणून ओळखतो. पाळीव पालींच्या विष्ठेत सापडणाऱ्या कॉक्सिडियाचे ते नातेवाईक. १६८१ साली पोट बिघडलेले असताना त्याने स्वतःची विष्ठा भिंगाखाली ठेवली आणि तिच्यात हालचाल करणारे इवलेसे जीव पाहिले. तो होता जिआर्डिया. माणसाने स्वतःच्या आजारपणाकडे इतक्या निर्विकार कुतूहलाने पाहावे याचे मला नवल वाटते. नातीला मी सांगितले, तुझ्या सायकलच्या अंतरावर हे सगळे घडले आहे. ती एका सुट्टीत त्याची कबर पाहून आली.

पण पाहणे वेगळे आणि ते आत शिरते कसे हे समजणे वेगळे. त्याला आणखी दोनशे वर्षे गेली. इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी या तरुणाने १८७९ साली एका शवविच्छेदनात मिळालेली गोलकृमीची अंडी चक्क गिळली. त्याआधी आपल्या पोटात जंत नाहीत याची तपासणी करून घेतली होती. महिनाभराने त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागली. जंत गुळातून येत नाहीत, अंड्यांतून येतात आणि अंडी विष्ठेतून येतात, हे त्याने स्वतःच्या पोटावर सिद्ध केले. (मग अर्थातच औषध घेतले!)

आता प्रश्न होता ही अंडी शोधायची कशी. इथे माझ्यासारख्या विज्ञानात कच्च्या बाईलाही समजेल अशी युक्ती निघाली. आमच्या शाळेत शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाई दरवर्षी एक प्रयोग करत. कोंबडीचे अंडे साध्या पाण्यात बुडते, त्यात मीठ विरघळवत गेले की वर येते. पोरे टाळ्या वाजवत. १९२१ साली विलिस नावाच्या डॉक्टरने हेच जंतांच्या अंड्यांबाबत प्रसिद्ध केले. मिठाच्या संपृक्त द्रावणात विष्ठा ढवळायची, भांडे काठोकाठ भरायचे, वर काच ठेवायची. घाण खाली बसते, हलकी अंडी तरंगून काचेला चिकटतात. ती काच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. शंभर वर्षे उलटली, तरी जगभर प्राण्यांचे डॉक्टर थोड्याफार फरकाने आजही हेच करतात. बुंदीच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच केले, आणि त्यांना सूतकृमीची अंडी दिसली.

सूतकृमी मरतात, त्यासाठी औषधे आहेत. १९६१ साली थायाबेंडाझोल आले आणि त्याच घराण्यात पुढे फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल जन्मली. यातले अल्बेंडाझोल तुमच्या घरीही आलेले असणार. २०१५ पासून आपल्याकडे फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, तेव्हा शाळेत मुलांना चघळायला देतात ती गोळी हीच. पालींना सहसा तिची बहीण फेनबेंडाझोल देतात, वजन पाहून, थेंबाथेंबाने. पन्नास-साठ ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त म्हणजेही पुष्कळ जास्त.

दुसरे मोठे नाव आयव्हरमेक्टिन. जपानचे सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात इतो गावाजवळच्या गोल्फ मैदानालगतची माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या द्रव्यावर अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी काम केले. १९८१ पासून हे औषध जनावरांसाठी आणि १९८७ पासून माणसांच्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'साठी वापरात आले. दोघांना २०१५ साली नोबेल मिळाले. करोनाच्या काळात हे नाव आपल्या व्हॉट्सअॅपवर किती फिरले ते आठवत असेल. मोठ्या चाचण्यांत करोनावर त्याचा उपयोग दिसला नाही, पण जंतांवरचे त्याचे मोठेपण त्याने कमी होत नाही. मात्र १९८३ सालीच डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की हेच औषध कासवांना विषारी ठरते. गाईला जे तारते ते कासवाला मारते. नवी पाल ज्या दुकानातून आणली तिथल्या विक्रेत्याने तपासणी न करताच 'सगळ्यांना चालते' म्हणून जंताच्या औषधाची बाटली हातात ठेवली होती, हे नातीने सांगितले तेव्हा मला त्या कासवांचीच आठवण झाली. तिने ती बाटली उघडली नाही.

हो, नवी पाल. बुंदी आजारी पडण्याच्या दोनेक महिने आधी दुसरी पाल घरात आली होती आणि तीही दिसायला अगदी ठणठणीत होती. ते सूत्र पुढे उपयोगी पडले.

फेनबेंडाझोलने सूतकृमी गेले. पुढच्या तपासणीत अंडी नव्हती. पण वहीतले आकडे काही चढेनात. ५८ वरून ५१, मग ४६. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे सूतकृमी निरोगी पालींमध्येही असतात. इतकी वाळली म्हणजे चोर दुसराच असणार. त्यांनी नमुना पीसीआर तपासणीला पाठवला. उत्तर आले, क्रिप्टोस्पोरिडियम.

हे नाव मी प्रथमच ऐकले. 'लपलेले बीज' असा त्याचा अर्थ. हार्वर्डचे अर्नेस्ट टायझर यांनी १९०७ साली प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जठरात हा एकपेशीय जीव पाहिला. त्याची बीजे इतकी बारीक की दोनशे ओळीने मांडली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. उंदीर काही आजारी दिसत नव्हते. त्यामुळे पुढची अनेक दशके हा जीव म्हणजे अभ्यासकांच्या कपाटातले एक कुतूहल होऊन राहिला. १९७६ साली पहिल्यांदा माणसात सापडला, त्यातली एक रुग्ण तीन वर्षांची मुलगी होती. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जठर सुजून अन्न ओकणाऱ्या सापांमध्ये तो सापडल्याचे प्रसिद्ध झाले. सापांना अशी ओकारी त्याआधी होत नसेल असे नाही. पण ती कशाने, हे पाहायला कोणी गेले नव्हते.

मग एड्स आला आणि प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसांना हा जीव कसा पोखरतो ते डॉक्टरांना दिसले. १९९३ साली तर अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो पसरला. अंदाजे ४,०३,००० माणसांची पोटे बिघडली आणि पन्नासाहून अधिक मृत्यू झाले, त्यातले बहुतेक एड्सचे रुग्ण. पाण्यात क्लोरीन होते. पण या बीजांचे कवच असे टणक की क्लोरीनला ती दाद देत नाहीत. तेव्हापासून या जिवावर पैसा आणि माणसे लागली.

पालींच्या वाट्याला आलेले ज्ञान या मोठ्या कामाच्या पंगतीत मागून वाढलेले आहे. चेक शास्त्रज्ञ पाव्हलासेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एका हिरव्या घोरपडीतून या जिवाची एक जात नोंदवली. १९९८ साली दुसऱ्या चेक शास्त्रज्ञांनी एका सापसुरळीवर्गीय प्राण्यातून एक जात नोंदवून तिला वेगळे नाव दिले. नंतर कळले की दोन्ही एकच. २००८ साली जुने नाव कायम झाले, क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरॅनाय. बुंदीच्या पोटात होते ते हेच. ही जात माणसांना त्रास देणारी नव्हे, त्या जातीची ही चुलतबहीण. तरी पिंजरा साफ करून हात साबणाने धुवायचेच.

"मग औषध?" असा नातीचा पुढचा प्रश्न. खात्रीचे नाही. पॅरोमोमायसिनसारखी औषधे देतात, त्याने बीजे कमी होतात, पण बंद केले की बहुधा पुन्हा दिसतात. एक प्रयोग वाचून मात्र मी थांबलेच. १९९० च्या दशकाअखेरीस काही शास्त्रज्ञांनी गाईंना या जिवाविरुद्ध लस टोचली, त्या व्यायल्यावर त्यांचा चीक घेतला आणि तो आजारी साप-सरड्यांना पाजला! ज्या चिकाचा आपण खरवस करतो तोच. वासराला आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती सरपटणाऱ्या उसनवाऱ्यांना द्यायची. काहींना गुण आला, सगळ्यांना नाही, आणि दुकानात मिळणारे औषध त्यातून तयार झाले नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. वेगळे ठेवून, भरवून, जितके दिवस जगेल तितके जगवायचे, किंवा शांतपणे झोपवायचे. कोणती निवडायची हे त्यांनी सांगितले नाही. जावईबापूंचे म्हणणे होते लगेच सोडवावे. लेक म्हणाली मुलीला ठरवू दे. मला विचारले तेव्हा मी म्हटले, वही बघ. आकडे चढले तर थांब, उतरत राहिले आणि ती स्वतःहून खाईनाशी झाली तर थांबू नकोस. नातीने पाच आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवून, पिचकारीने भरवून पाहिले. ३४ ग्रॅमवर बुंदी डोळे उघडेनाशी झाली. तेव्हा तिने स्वतः दवाखान्यात फोन केला.

नव्या पालीची तपासणी केली तर तिच्यातही तेच बीज निघाले. ती मात्र खाते-पिते आहे, शेपूट भरलेली आहे. टायझरच्या उंदरांसारखी. ती एकटीच राहणार, तिची भांडी, चिमटे वेगळे, आणि तिच्या जोडीला दुसरी पाल येणार नाही, असे नातीने ठरवले आहे.

आता चरकाकडे वळते. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणसाने गेल्या दीडशे वर्षांत थक्क करणारी मजल मारली. सूतकृमीला औषध आहे, गोलकृमीला आहे, कॉक्सिडियाला आहे. पण या लपलेल्या बीजापुढे पालींच्या बाबतीत तरी पहिल्या दोन्ही पायऱ्या अपुऱ्या पडतात, आणि उरते ती तिसरी, निदानवर्जन. तिला भिंगही लागत नाही आणि नोबेलही मिळत नाही. नवा प्राणी आणला की दोन-तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवायचा. या काळात एकदा नव्हे, अनेकदा तपासणी करायची, कारण बीजे रोज बाहेर पडत नाहीत आणि एका तपासणीत काही दिसले नाही म्हणजे काही नाही असे होत नाही. विष्ठा रोजच्या रोज उचलायची. भांडी उकळत्या पाण्याने धुवायची, कारण नेहमीच्या ब्लीचला हे बीज भीक घालत नाही. आधी निरोगी प्राण्याला खाऊ घालायचे, मग आजाऱ्याला.

ही सगळी कामे कंटाळवाणी, आणि ती नीट झाली तर काहीच घडत नाही. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात ती येत नाहीत. मी तीसेक वर्षे लढाया आणि तह शिकवले. मिलवॉकीच्या पाण्याची गाळणी कोण तपासत होते किंवा ग्रासीने गिळण्याआधी स्वतःची विष्ठा किती दिवस धीराने तपासली, असे प्रश्न कधी परीक्षेत आले नाहीत. यायला हवे होते असे आता वाटते.

नातीची वही भरली. तिने ती टाकलेली नाही. शेवटच्या पानानंतर नवे पान उघडून नव्या पालीचे वजन लिहायला सुरुवात केली आहे. गेल्या रविवारचा आकडा ६१ ग्रॅम.

तुमच्यापैकी कोणी पाल पाळत असेल असे वाटत नाही. पण पोपट, मासे, कासव, मांजर यांपैकी काहीतरी घरात असेलच. नवे पिल्लू आणाल तेव्हा त्याला आधी वेगळे ठेवा, इतकेच या आजीचे सांगणे.